सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट: कागद एका पानाचा, परीक्षा अख्ख्या ओटीची

जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट म्हणजे एका पानाचा कागद. फुकट उतरवून घ्यायचा, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करायचा आणि ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) भिंतीवर लावायचा, की झाली खरेदी. पहिली आवृत्ती जून २००८ ची, सुधारलेली २००९ ची. आज मानांकन घेतलेल्या रुग्णालयांच्या फाइलींत हा कागद हमखास सापडतो, सगळ्या चौकटींत टिकमार्क आणि खाली तीन सह्यांसकट. बऱ्याचदा तीनही सह्या एकाच पेनाने, एकाच वेळी, पेशंट वॉर्डात गेल्यावर झालेल्या असतात.

औषधाची वेळ, बाजूची खूण, मॉपची (रक्त टिपायच्या कापडी घड्यांची) मोजणी यांची आठवण करून देण्याचं काम हा कागद करतो. ते काम साध्या फळ्यानेही होईल. त्याची खरी परीक्षा दुसरीकडे आहे: ओटीतला सगळ्यात खालच्या पायरीवरचा माणूस सगळ्यात वरच्या पायरीवरच्या माणसाला वेळेवर थांबवू शकतो का? यालाच मानसिक सुरक्षितता म्हणतात. ‘बोललो तर झापलं जाणार नाही, चारचौघांत हसं होणार नाही’ हा टीममधल्या सगळ्यांचा भरवसा. अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये ही कल्पना टीमच्या संदर्भात नीट मांडली आणि मोजण्याची रीतही दिली. त्या कसोटीवर हा कागद किती उतरतो, ते बघू.

कागदावर १९ मुद्दे आहेत आणि ते तीन थांब्यांत वाटलेत. भूल देण्याआधीचा साइन इन, चिरा घेण्याआधीचा टाइम आऊट आणि पेशंट ओटीबाहेर नेण्याआधीचा साइन आऊट. मुद्दे अनुक्रमे ७, ७ आणि ५. तिन्ही मिळून दोन-तीन मिनिटांचं काम. वाचणारी व्यक्ती एकच असावी, शक्यतो फ्लोअर सिस्टर (ऑपरेशनला हात न लावता बाकीची ने-आण बघणारी), कारण तिचे हात मोकळे असतात. ही निवड वरकरणी सोयीची वाटते, पण कागदातली सगळ्यात धीट गोष्ट हीच आहे. एरवी जिला ‘सिस्टर, लाइट इकडे’ एवढंच ऐकायची सवय असते, तिच्या ‘हो’शिवाय सर्जनने चाकू हातात घ्यायचा नाही.

साइन इन या तिघांत सगळ्यात मजबूत. पेशंट जागा असतो, त्यामुळे नाव, ऑपरेशन, बाजू आणि संमती त्याच्याच तोंडून वदवून घेता येते. इथली नेहमीची चूक म्हणजे उत्तर प्रश्नातच देऊन टाकणं. ‘तुम्ही पाटील ना? उजव्या बाजूचा हर्निया ना?’ असं विचारलं की घाबरलेला माणूस मान हलवतो. ‘नाव सांगा, कुठल्या बाजूचं ऑपरेशन आहे ते हात लावून दाखवा’ असं विचारायचं. खूण पर्मनंट मार्करने बाणाची किंवा आद्याक्षरांची करावी. फुली करू नये, कारण फुलीचा अर्थ ‘इथे’ असाही होतो आणि ‘इथे नको’ असाही. शिवाय साधं स्केचपेन वापरलं तर बीटाडिन लावताना खूण पुसली जाते, आणि ड्रेप (निर्जंतुक चादरी) टाकल्यावर दिसत नसेल अशा जागी केलेली खूण असून नसल्यासारखीच.

याच थांब्यावर विचारतात की ५०० मिलीपेक्षा जास्त रक्त जाण्याचा संभव आहे का (लहान मुलांत किलोमागे ७ मिली). उत्तर ‘हो’ असेल तर शिरेत दोन जाड कॅन्युला (सलाइनच्या नळ्या) आणि सलाइनची तयारी आधीच हवी. जिल्ह्याच्या ठिकाणी रक्तपेढी गावाच्या दुसऱ्या टोकाला असते, पिशवी आणायला नातेवाईक मोटरसायकलवर जातो. म्हणून हा प्रश्न भूल देण्याआधीच विचारायचा. नंतर विचारून उपयोग नाही.

टाइम आऊटचा पहिलाच मुद्दा असा: प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. सगळ्यात जास्त थट्टा याच मुद्द्याची होते. ‘दहा वर्षं एकत्र काम करतोय, नावं काय सांगायची?’ खरंच तीच माणसं रोज असतील तर ओळख झालेली आहे एवढी खात्री पुरते, मात्र नवा चेहरा आला की नावं झालीच पाहिजेत. आणि महाराष्ट्रातल्या तीस-चाळीस खाटांच्या रुग्णालयात नवा चेहरा रोजच असतो. भूलतज्ज्ञ सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या. सर्जन व्हिजिटिंग. सी-आर्म (ओटीत वापरायचं एक्स-रे मशीन) भाड्याने आलेला, सोबत त्याचा टेक्निशियन. इम्प्लांट घेऊन आलेला कंपनीचा माणूस कोपऱ्यात उभा. आणि रुग्णालयातली माणसं एकमेकांना ‘सिस्टर’, ‘ब्रदर’, ‘मामा’ (वॉर्डबॉय), ‘मावशी’ (आया) म्हणतात. आपुलकीची हाक आहे, वाईट काहीच नाही. पण रक्त उडायला लागल्यावर ‘सिस्टर, सक्शन!’ म्हटलं की तिघी एकदम वळतात, किंवा एकही वळत नाही.

नावाचा दुसरा फायदा जास्त मोलाचा. ज्याने सुरुवातीच्या मिनिटात एकदा तोंड उघडलं, तो पुढे गरज पडल्यावर तोंड उघडण्याची शक्यता वाढते. गप्प बसलेल्या माणसाला गप्पपणाची सवय लागते. म्हणून हा मुद्दा टिक करून मोकळं होण्याचा नाही. मामांसकट प्रत्येकाचा आवाज ओटीत एकदा घुमला पाहिजे.

त्यानंतर तिघांची पाळी असते. सर्जनने अवघड टप्पा, लागणारा वेळ आणि अपेक्षित रक्तस्राव सांगायचा. भूलतज्ज्ञाने या पेशंटबद्दलची खास काळजी सांगायची. सिस्टरने निर्जंतुकीकरणाचा इंडिकेटर (रंग बदलणारी पट्टी) बघितला का आणि उपकरणांची काही अडचण आहे का ते सांगायचं. मग अँटिबायोटिक गेल्या ६० मिनिटांत दिलंय का हा प्रश्न. दिसायला क्षुल्लक, पण सगळ्यात जास्त वेळा पकडला जाणारा घोटाळा इथलाच. वॉर्डातल्या सिस्टरने सकाळी ७ ला इंजेक्शन दिलं, यादी लांबली, पेशंट ११ वाजता टेबलावर आला. फाइलीत ‘दिलं’ अशी नोंद आहे, पण रक्तातलं औषध उतरत चाललेलं. म्हणून ‘दिलं का?’ ऐवजी ‘किती वाजता दिलं?’ असं विचारावं.

इथपर्यंत कागद उत्तम आहे. आता त्याची दुखरी जागा.

कागद बोलायची वेळ ठरवून देतो, बोलायची हिंमत देऊ शकत नाही. ओटीत माणसं गप्प बसतात असं नाही; ती आडून बोलतात. स्क्रब सिस्टरला (सर्जनच्या हातात हत्यारं देणारीला) दिसतं की ड्रेप डाव्या बाजूने लावलेत आणि फाइलीत उजवी आहे. ती म्हणते, ‘सर, एक्स-रे परत लावू का?’ सर म्हणतात, ‘राहू दे, बघितलाय.’ तिचा प्रश्न बाजूबद्दल होता, सरांना तो फिल्मबद्दलचा वाटला. आदर राखून सूचना द्यायची आपली रीत घरात शोभते, इथे ती घात करते. यावर विमानचालकांच्या प्रशिक्षणातून आलेला उपाय म्हणजे चढत्या पायऱ्यांची ठरलेली वाक्यं. मराठीत ती अशी बसवता येतात: ‘सर, मला काळजी वाटतेय, फाइलीत उजवी बाजू आहे.’ उत्तर आलं नाही तर ‘सर, हे मला बरोबर वाटत नाही.’ तरीही नाही तर ‘सर, थांबा. पेशंटला धोका आहे.’ ‘सर’ तिन्हींत राहू द्यावं. ते काढून टाकायचा अट्टहास धरला की सिस्टर पहिलं वाक्यही बोलत नाहीत. तिसऱ्या वाक्यावर सर्जनने आधी हात थांबवायचे आणि कारण नंतर विचारायचं. हा करार आधी, चहाच्या वेळी, सगळ्यांदेखत झालेला हवा. कागदावर त्याचा उल्लेख नाही आणि ही मोठी उणीव आहे.

नुसतं सूचक बोलण्याने काय होतं त्याचं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. २००५ मध्ये ३७ वर्षांची एक स्त्री सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी टेबलावर आली. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना, ऑक्सिजन खाली गेला. अनुभवी डॉक्टर पुन्हापुन्हा नळी घालायच्या प्रयत्नात गुंतून गेले. एका नर्सने गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग उघडायचं सामान आणलं आणि ते तयार असल्याचं सांगितलं. दुसरीने आयसीयूत खाट ठरवली आणि डॉक्टरांचा चेहरा बघून रद्द केली. पेशंट १३ दिवसांनी गेली. तिचा नवरा वैमानिक. या मृत्यूची चौकशी त्याने जगापुढे आणली, म्हणून आज ती शिकवली जाते. कौशल्य खोलीत होतं, सामान खोलीत होतं. उपाय माहीत असलेली माणसंही खोलीतच होती.

आता या कागदाने फरक पडतो का? आकडे दोन्ही बाजूंचे आहेत आणि ते एकत्र वाचल्याशिवाय मत बनवू नये. टोरांटो, नवी दिल्ली, अम्मान, ऑकलंड, मनिला, टांझानियातलं इफाकारा, लंडन आणि सिएटल अशा आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत २००७-०८ मध्ये चाचणी झाली. कागद येण्याआधीचे ३,७३३ पेशंट आणि नंतरचे ३,९५५. मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. जानेवारी २००९ मध्ये निकाल छापून आले आणि कागद जगभर गेला. या कामाचं नेतृत्व बोस्टनचे सर्जन अतुल गावंडे यांचं. त्यांचे वडील आत्माराम गावंडे मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. विदर्भातल्या ओटीत हा कागद लावणाऱ्यांना हे ठाऊक असायला हरकत नाही.

मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने जुलै २०१० पासून कागद किती वापरला याचे आकडे जाहीर करणं सक्तीचं केलं. रुग्णालयांनी जवळपास शंभर टक्के वापर कळवला. १०१ रुग्णालयांचा हिशेब २०१४ मध्ये छापून आला, तेव्हा मृत्यूचं प्रमाण ०.७१ टक्क्यांवरून ०.६५ वर आलेलं दिसलं. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका किरकोळ. पाहणी आधीच्या आणि नंतरच्या तीनच महिन्यांची होती, म्हणून तिच्यावर टीकाही झाली. उलट अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात १४ रुग्णालयांनी आपणहून, माणसं बसवून, सराव करून कागद आणला. तिथे ऑपरेशननंतरच्या ३० दिवसांतले मृत्यू २०१० ते २०१३ मध्ये ३.३८ टक्क्यांवरून २.८४ वर आले. राज्यातल्या बाकी रुग्णालयांत ते ३.५० वरून ३.७१ झाले. आपणहून पुढे आलेली रुग्णालयं मुळातच जास्त उत्साही असणार, हे धरूनही फरक नजरेत भरतो.

म्हणजे कागद तोच, परिणाम वेगळा. त्या पहिल्या आठ रुग्णालयांच्याच माहितीतून पुढे असं दिसलं की जिथे कर्मचाऱ्यांचं टीमवर्क आणि सुरक्षिततेबद्दलचं मत जास्त सुधारलं, तिथे गुंतागुंतही जास्त घटली. आमचं मत इथेच ठरतं: सक्तीने लावलेला कागद टिकमार्क गोळा करतो आणि ठरवून आणलेला माणसांना बोलतं करतो.

आपल्याकडच्या छापील आवृत्त्यांत एक गोष्ट हौसेने वाढवली जाते, ती म्हणजे सह्या. मूळ कागदावर सह्यांची जागा नाही. तीन सह्या आल्या की तो उद्याचा कोर्टातला पुरावा वाटायला लागतो, आणि पुराव्यात कोणीही ‘नाही’ लिहीत नाही. इंडिकेटरची पट्टी नीट बदलली नव्हती हे सिस्टर तोंडी सांगेल, पण स्वतःच्या सहीवर लिहायला धजणार नाही. मानांकनासाठी नोंद लागतेच, ती लागू द्या. पण वाचायचा कागद भिंतीवरचा आणि नोंदीचा कागद फाइलीतला, असे दोन ठेवावेत. फाइलीतला कागद भरत भरत वाचणारी सिस्टर खाली बघते. भिंतीवरचा वाचणारी माणसांकडे बघते. संगणकावरची आवृत्ती तर आणखी वाईट, तिथे सगळं ‘हो’ करायला एक बटण पुरतं.

साइन आऊट हा तिन्हींतला लंगडा थांबा. सर्जन शेवटचे टाके ज्युनिअरवर सोपवून बाहेर गेलेला, भूलतज्ज्ञ पेशंटला जागं करण्यात, पुढच्या केससाठी मावशी फरशी पुसायला दारात उभ्या. आणि नेमका इथेच मॉपचा हिशेब असतो. मोजणी सुरुवातीला, पोट बंद करण्याआधी आणि कातडी शिवताना व्हावी. दोघींनी, मोठ्याने, मॉप वेगवेगळे पसरून. पाचाच्या गठ्ठ्यात कधी चार किंवा सहा निघतात, म्हणून गठ्ठा उघडल्यावर मोजल्याशिवाय फळ्यावर आकडा लिहू नये. हिशेब जुळला नाही की होणारा संवाद ठरलेला असतो:

‘सर, एक मॉप कमी आहे.’
‘नीट मोज. तूच चुकली असशील.’

हेच वाक्य पुढच्या दहा मोजण्या बिघडवतं. पुढच्या वेळी आकडा जुळला नाही तर ती आधी बादली, मग ड्रेपच्या घड्या, मग कचऱ्याची पिशवी एकटीच शोधत बसते, आणि तोवर पोट शिवून होतं. योग्य उत्तर एवढंच: ‘बरं, थांबलो. मी आत बघतो, तू बाहेर बघ.’ नाहीच सापडला तर टेबलावरच एक्स-रे. मात्र एक्स-रेत दिसण्यासाठी मॉपमध्ये क्ष-किरणांत उमटणारी पट्टी असावी लागते. पट्टी नसलेले, साध्या कापडाचे मॉप पोटात वापरत असाल तर हा शेवटचा उपायही हातातून गेला. नमुन्याच्या बाटलीबद्दलही सांगायला हवं: लेबल बाटलीच्या अंगावर लावावं, झाकणावर नाही. झाकणं बदलतात.

मुद्दा क्रमांक १८, उपकरणांच्या अडचणी, हा कागदातला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. कॉटरीचं (विजेने रक्तवाहिन्या जाळून बंद करायच्या यंत्राचं) पेडल अडकतं हे सिस्टरने आज सांगितलं, आठवडाभराने पुन्हा सांगितलं, पेडल तेच. तिसऱ्या वेळी ती सांगत नाही. माणसं घाबरून गप्प बसतात तशी सांगून उपयोग नाही म्हणूनही गप्प बसतात, आणि बाहेरून दोन्ही गप्पपणे सारखेच दिसतात. त्यामुळे सांगितलेल्या अडचणीपुढे तारीख, ती सोडवणाऱ्याचं नाव आणि सुटल्याची तारीख असलेली एक वही ओटीतच लटकवावी.

फरक पडतोय का ते मोजायला एडमंडसन यांची सात विधानांची प्रश्नावली पुरते, प्रत्येक विधानाला १ ते ७ गुण. ‘या टीममध्ये चूक झाली तर ती माझ्यावर धरली जाते’, ‘इथे मदत मागणं अवघड जातं’ अशी विधानं त्यात आहेत. सातपैकी तीन उलटी आहेत; त्यांचे गुण ८ मधून वजा करून मग बेरीज करायची, नाहीतर चांगली टीम वाईट ठरते. सहा-सात जणांच्या ओटीत नाव न लिहिताही अक्षरावरून माणूस ओळखू येतो. म्हणून लिहायला काही ठेवू नये, फक्त गोल करायला सांगावं, सगळ्यांना एकाच रंगाची पेनं द्यावीत, आणि कागद मालक डॉक्टरांच्या केबिनमध्ये गोळा करू नयेत. कागद आणण्याआधी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा, एवढं पुरे.

दुसरं माप याहून सोपं. टाइम आऊटमध्ये किंवा नंतर कोणी काही बोललं, थांबवलं, दुरुस्त केलं, की फळ्यावर एक रेघ. तीन महिन्यांत एकही रेघ नसेल तर ओटी बिनचूक आहे असं समजू नका. एडमंडसन यांनाच १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका तपासताना असं आढळलं होतं की चांगल्या टीमच्या नावावर जास्त चुका दिसतात, कारण त्या लपवत नाहीत. तेव्हा कागद आल्यावर पहिल्या महिन्यांत नोंदी वाढल्या तर व्यवस्थापनाने घाबरून मीटिंग बोलावू नये.

कोणी घ्यावा? ज्या रुग्णालयातला सगळ्यात ज्येष्ठ सर्जन स्वतः पहिल्यांदा नाव सांगायला आणि ‘मी चुकतोय असं वाटलं तर कोणीही थांबवा’ म्हणायला तयार आहे, त्यांनी आजच घ्यावा. एक टेबल, एक सर्जन, दोन आठवडे एवढ्यावर सुरुवात करावी. कागदाच्या तळाशीच लिहिलंय की स्थानिक गरजेप्रमाणे भर घाला, बदल करा. तेव्हा मराठीत उतरवा, सी-आर्मची ओळ घाला, पण मुद्दे पंचवीसच्या वर नेऊ नका, वाचणारीला दम लागतो. ज्येष्ठ सर्जन तयार नसेल तर खालच्यांवर कागद लादू नये. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी बोलेल, झापलं जाईल, आणि ती गोष्ट चहाच्या खोलीतून दोन वर्षं हलणार नाही.

नावांसाठी वेगळा खर्च नको. चिकटपट्टीचा रोल आणि मार्कर कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी ठेवावा, प्रत्येकाने टोपीवर नाव आणि काम लिहून आत जावं: ‘सुनीता, स्क्रब’. अक्षरं दोन बोटं उंच. ऑस्ट्रेलियातल्या एका भूलतज्ज्ञाने ही पद्धत गाजवली तेव्हा लोक हसले होते. पट्टी कागदी घ्यावी, कापडी पट्टीवर शाई पसरते. आणि मामांची टोपी विसरू नये. पेशंटला टेबलावर कोणत्या कुशीवर वळवलं, हे सगळ्यांत आधी त्यांनी पाहिलेलं असतं.